कॉम्बो किती घोटायचा?

टेकन या मारामारीच्या व्हिडिओ गेममधली सगळ्यात अवघड हालचाल कोणालाच लागत नाही. तिला कोरियन बॅकडॅश म्हणतात. मागे-मागे असं दोनदा दाबलं की आपलं पात्र झटकन मागे सरकतं. लगेच पुन्हा दाबलं तर मात्र सरकत नाही, आधीचं सरकणं पुरं व्हावं लागतं. ते मधेच तोडायचं तर अंगठा क्षणभर खाली-मागच्या कोपऱ्यात न्यायचा, परत मागे आणायचा, आणि हे एका लयीत करत राहायचं. लय सापडली की पात्र थांबतच नाही, मागे मागे जात राहतं. डी-पॅडवर, म्हणजे कंट्रोलरच्या दिशांच्या बटणांवर, हे घोटताना अंगठ्याची कातडी सोलवटते. आणि एवढं करून समोरच्याच्या लाइफ बारमधला कणही कमी होत नाही. मिळतं ते फक्त अंतर.

टेकनमध्ये अंतरालाच सगळा भाव आहे. समोरच्याची लाथ वीतभर कमी पडली की पाय परत जागेवर येईपर्यंत त्याला ब्लॉक करता येत नाही. तेवढ्या वेळात आपला फटका बसतो. म्हणजे वर्षानुवर्षं अंगठा झिजवून माणूस काय कमावतो, तर समोरच्याला चुकायला लावायची जागा. याला हाताचं कौशल्य म्हणायचं की डोक्याचं? मला ते वेगळं काढता आलेलं नाही, आणि आता काढावंसंही वाटत नाही.

लाहोरचा अर्सलान ॲश २०१९ च्या फेब्रुवारीत फुकुओकाला एव्हो जपान ही फायटिंग गेमची स्पर्धा जिंकला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासला मुख्य एव्होही जिंकला. फायनलला समोर कोरियाचा नी होता, टेकनच्या जगातलं सगळ्यात मोठं नाव. तोवर टेकन म्हटलं की कोरिया आणि जपान, बाकी सगळे मागे. जिंकल्यावर अर्सलान सांगत होता की आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखी आहेत, आणि पुढे नी स्वतः पाकिस्तानात सरावाला गेला तेव्हा त्याला तसे खेळाडू भेटलेही. ते सामने मी अनेकदा पाहिले आहेत. अर्सलान जे पात्र घेतो ती काझुमी जगावेगळे कॉम्बो, म्हणजे एकाला जोडून एक बसणारे फटके, करत नाही. ती समोरच्याच्या फटक्याच्या टोकाशी उभी असते, मागे होते, पुढे येते, बसल्यासारखी होते, परत मागे. समोरचा कधीतरी हात टाकतो. तो हवेत गेला की काझुमीचा फटका बसलेला असतो. लोक याला फंडामेंटल्स म्हणून मोकळे होतात, जणू ते सोपं आहे. प्रत्येक पाऊल टाकायला हात तयार लागतात आणि कुठलं पाऊल टाकायचं ते डोकं सांगतं. दोन्ही कामं एकाच क्षणात होतात.

हे सगळं आज लिहायला बसलो ते भाच्यामुळे. तो अकरावीला पुण्यात आलाय आणि आमच्याकडेच राहतो. मी सेकंड शिफ्ट संपवून चिंचवडहून घरी येतो तेव्हा तो अभ्यास आटपून स्ट्रीट फायटर सिक्स खेळत असतो. ल्यूक नावाचं पात्र घेतो, मॉडर्न कंट्रोल्सवर, म्हणजे अवघड हालचाली एका बटणावर निघतात. गोल्ड रँकमध्ये अडकलाय. परवा मी चपला काढतोय तोवर आतून आवाज आला.

"मामा, हा माणूस नुसता फेकतोय. कोपऱ्यात धरून फेकतोय, उठलो की परत फेकतोय. ही चीटिंग आहे." फेकणं म्हणजे जवळ जाऊन समोरच्याला धरून आपटणं, आणि ते ब्लॉकने अडत नाही.

चीटिंग हा शब्द मी साताऱ्याला एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये लहानपणी रोज ऐकलाय. तिथे 'मुस्तफा' म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्सच्या मशीनवर कायम गर्दी, आणि आतल्या बाजूला स्ट्रीट फायटर टू. नियम सगळ्यांना पाठ होते. हरला तो उठणार, जिंकला तो खेळत राहणार, पुढचा नंबर ज्याचा त्याने नाणं काचेखालच्या पट्टीवर ठेवायचं. आणि आणखी एक नियम, जो मशीनवर कुठे लिहिलेला नव्हता: सारखं फेकायचं नाही. एकदा फेकलं तर चालेल. दुसऱ्यांदा फेकलं की मागे उभी असलेली पोरं ओरडायची. खाली बसून सारखी लाथ मारणं तसंच. 'आडुकेन' (लांबून सोडायचा गोळा) काढणारा मोठा, 'शोर्युकेन' (उडी मारून येणाऱ्याला पाडणारा वर जाणारा ठोसा) हमखास काढणारा तर त्या गल्लीतला हिरो, कारण त्याला स्टिक पुढे, खाली, खाली-पुढे अशी फिरवता यायची. फेकायला काय, कोणालाही येतं.

त्या नियमामागे जो विचार होता तोच आजही सगळीकडे आहे. ज्याला हाताचं कौशल्य लागतं ते कष्टाचं, म्हणून मानाचं. जे कोणालाही दाबता येतं ते हलकं. जिंकणारा हलक्या गोष्टीने जिंकला तर तो खरा जिंकला नाही. मला हा विचार मुळातून चुकीचा वाटतो. फेक आहे म्हणून तर ब्लॉक करून बसून राहता येत नाही. फेक काढून टाका, आणि जो मागे दाबून बसेल त्याला हलवायचं कसं? पार्लरमधल्या आमच्या स्ट्रीट फायटरमध्ये नेमकं तेच व्हायचं. दोघेही लांबून आडुकेन सोडत राहायचे आणि घड्याळ संपायचं.

तर भाच्याला मी कागद-पेन्सिल आणायला सांगितली.

स्ट्रीट फायटर सिक्समध्ये बहुतेक पात्रांचं लाइफ १०,००० असतं आणि साध्या फेकीचं नुकसान साधारण १,२००. फेक पाच फ्रेममध्ये लागते. एका सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे पाच फ्रेम म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. ती बघून सोडवणं माणसाच्या जवळजवळ आवाक्याबाहेरचं आहे, अंदाजानेच सोडवावी लागते. फेकायला दोन बटणं एकत्र दाबतात, समोरचाही तीच दाबतो आणि फेक सुटते. पण त्याने ती दाबली आणि आपण फेकलंच नाही, अर्धं पाऊल मागे सरकलो, तर त्याचे हात हवेत राहतात आणि आपल्याला पूर्ण कॉम्बो मारायला वेळ मिळतो. याला शिमी म्हणतात. कोपऱ्यात अडकलेल्या माणसापुढे म्हणून दोन वाटा उरतात. सोडवायला जायचं, किंवा नुसतं ब्लॉक धरून उभं राहायचं. खऱ्या सामन्यात उडी, जॅब, शोर्युकेन असे आणखी पर्याय आहेत, पण हिशेब दिसावा म्हणून ते बाजूला ठेवले.

फेकलं आणि तो नुसता ब्लॉक धरून राहिला: १,२०० मिळाले. फेकलं आणि त्याने सोडवलं: शून्य. शिमी केली आणि तो सोडवायला गेला: आपला कॉम्बो जेवढ्याचा तेवढे. शिमी केली आणि तो ब्लॉक धरून राहिला: शून्य.

आता आपला कॉम्बो १,२०० चाच आहे असं धरा. दोन्ही बाजूंनी सारखंच नुकसान, मग दोघांनीही निम्मं-निम्मं खेळावं आणि प्रत्येक वेळी सरासरी ६०० मिळावेत. कॉम्बो ३,६०० चा केला तर? समोरच्याला शिमी फार महाग पडते, म्हणून त्याने चारात एकदाच सोडवायला जावं. आपण चारात तीनदा फेकावं. सरासरी होते ९००.

इथे भाचा थांबला. "म्हणजे कॉम्बो मोठा झाला की आपण जास्त फेकायचं?"

हो. आणि पुढचं आकडेमोडीत त्यानेच काढलं, मला फार आनंद झाला. शिमी चारात एकदा, समोरचा सोडवायला जाणार चारात एकदा, म्हणजे घोटून घोटून बसवलेला तो कॉम्बो प्रत्यक्षात सोळात एकदाच लागणार. त्या सरासरी ९०० मधले २२५ कॉम्बोचे आणि ६७५ फेकीचे. कॉम्बो शिकल्याचा फायदा मिळतो, पण तो बराचसा फेकीच्या खात्यात जमा होतो. समोरचा घाबरून ब्लॉक धरून बसतो म्हणून फेक लागते. कॉम्बो नसता तर तो बिनधास्त सोडवायला गेला असता.

त्या कोपऱ्यातल्या माणसाला हे माहीत असायला हवं मात्र. आपल्याला कॉम्बो येतो हे त्याने पाहिलेलं नसेल तर तो कशाला घाबरेल? म्हणून चांगले खेळाडू पहिल्याच राउंडला कुठेतरी तो मोठा कॉम्बो दाखवून घेतात, गरज असो नसो. मला तो क्षण बघायला फार आवडतो. समालोचक नुकसानाचा आकडा सांगत असतात आणि मी समोरच्याच्या पुढच्या दोन मिनिटांतल्या ब्लॉककडे बघत असतो.

मग भाच्याने नेमका प्रश्न विचारला. "मग मामा, सहा हजारवाला घोटू? यूट्यूबवर आहे."

सहा हजाराचा हिशेब केला. सरासरी झाली १,०००. बाराशेवरून छत्तीसशेला जाताना ३०० वाढले होते, छत्तीसशेवरून सहा हजाराला जाताना फक्त १०० वाढले. आणि कितीही मोठा कॉम्बो बसवला तरी ही बेरीज फेकीच्या १,२०० च्या पुढे जाणार नाही. पुढची ओळ मी मुद्दाम मांडली. ३,६०० चा कॉम्बो दोनात एकदा हातून मधेच सुटत असेल तर तो १,८०० चाच धरायचा, त्याची सरासरी ७२०. (सुटल्यावर समोरचा मारतो ते वेगळंच.) कधीच न सुटणारा २,४०० चा कॉम्बो असेल तर ८००. म्हणजे मधला, पण हातात पक्का बसलेला कॉम्बो हा मोठ्या पण कच्च्या कॉम्बोपेक्षा सरस ठरतो. यूट्यूबवरच्या त्या सहा हजारवाल्याला मी नावं ठेवत नाही. तो सुंदर आहे. पण गोल्डमधल्या मुलाने संध्याकाळचा वेळ त्यात घालवावा असं मला वाटत नाही.

आकड्यांत न मावणारी एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

स्ट्रीट फायटर सिक्समध्ये ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा फटका आहे. रंग उधळत येतो, आवाज मोठा, दोन फटके अंगावर झेलून पुढे येतो. तो लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाला थोडा कमी. माणसाला काही दिसल्यावर बोट हलवायला साधारण १२ ते १५ फ्रेम लागतात. त्याचं उत्तर म्हणजे आपलाही ड्राइव्ह इम्पॅक्ट, क्लासिक म्हणजे जुन्या पद्धतीच्या कंट्रोल्सवर दोन बटणं एकत्र, मॉडर्नवर एकच बटण. स्टिक फिरवायची नाही, लय नाही, काही नाही. वेळ भरपूर, हाताला काम जवळजवळ शून्य. तरीही सगळ्या रँकमधले लोक तो खातात. भाचा खातो, मी खातो, लाखांच्या बक्षिसाच्या सामन्यांत व्यावसायिक खेळाडू खातात.

ट्रेनिंग मोडमध्ये डमीला फक्त ड्राइव्ह इम्पॅक्ट करायला लावा, एकही चुकणार नाही. कारण तिथे डोळा एकाच गोष्टीची वाट बघत असतो. सामन्यात तोच डोळा समोरचा उडी मारतोय का हे बघतो, ड्राइव्ह रशने धावत येतोय का हे बघतो, त्याची मधली लाथ कुठवर पोचते ते मोजतो, आपल्या ड्राइव्ह गेजमध्ये किती उरलंय ते बघतो. खेळाडूंच्या बोलण्यात याला मेंटल स्टॅक म्हणतात. त्या थप्पीत एक गोष्ट वाढली की दुसरी उशिरा दिसते. उडीचंही तसंच. समोरचा पाऊण सेकंदाच्या आसपास हवेत असतो. शोर्युकेन काढायला एवढा वेळ पुरेसा आहे, हिशेबाने तर उरतोसुद्धा. पण आपलं लक्ष जमिनीवरच्या लाथेकडे असलं की तो डोक्यावर येईपर्यंत कळत नाही.

आता यात कच्चा हात काय करतो ते बघा. ज्याला शोर्युकेनची हालचाल अजून आठवून करावी लागते, त्याच्या थप्पीत ती आठवणसुद्धा बसलेली असते. खंबाटकी घाटात नवशिक्या ड्रायव्हरचं लक्ष क्लच आणि गिअरवर असतं, आणि समोरून वळणावर आलेला ट्रक त्याला बाजूच्या माणसापेक्षा उशिरा दिसतो. गिअर हातात बसला की तेच डोळे रस्त्यावर मोकळे होतात. हात पक्के करण्याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण हेच आहे. कॉम्बो चालू असताना ज्याला कॉम्बोचा विचार करावा लागत नाही, तो त्या दोन सेकंदांत पुढचा डाव ठरवत असतो: हा आता पडेल, कोपऱ्यापासून दोन पावलांवर पडेल, मागच्या वेळी उठताना याने जॅब मारला होता, मग या वेळी फेकायला जाऊ नये, थोडं थांबावं. बाहेरून आपल्याला फक्त बोटं दिसतात. त्यामागे चाललेलं हे शांत काम दिसत नाही.

म्हणूनच एव्हो २००४ चा तो प्रसिद्ध सामना लोक फक्त बोटांचा चमत्कार म्हणून दाखवतात तेव्हा मला हळहळ वाटते. कॅलिफोर्नियात पोमोनाला स्ट्रीट फायटर थ्री थर्ड स्ट्राइकची लूझर्स फायनल, म्हणजे एकदा हरलेल्यांमधली शेवटची लढत, होती. दाइगो उमेहाराचा केन, जस्टिन वाँगची चुन-ली. केनच्या लाइफ बारमध्ये रेघ उरलेली. चुन-लीची सुपर, म्हणजे साठवून सोडायचा मोठा हल्ला, ही लाथांची मालिका; ती ब्लॉक केली तरी प्रत्येक लाथेला थोडं लाइफ झिजतं, म्हणजे ब्लॉक करूनही तो संपणार. वाट एकच: पॅरी. फटका पोचतो त्याच क्षणी समोर दाबायचं. घाबरून मागे जायची सवय असलेल्या हाताने फटक्याच्या दिशेने दाबायचं. जस्टिनने सुपर सोडली आणि दाइगोने पंधराच्या पंधरा लाथा पॅरी केल्या, शेवटची हवेत उडी घेऊन, आणि खाली येत कॉम्बो मारून राउंड जिंकला.

पंधरा वेळा अचूक दाबणं विलक्षण आहेच. पण चुन-लीच्या त्या सुपरची पहिली लाथ इतकी झटपट येते की ती सुरू झाल्यावर पॅरी दाबली तर उशीर झालेला असतो. पहिली पॅरी आधीच दाबावी लागते, म्हणजे समोरचा कधी सोडणार हे ओळखावं लागतं. जस्टिनकडे सुपर तयार होती, पुढ्यातल्या माणसाला ब्लॉक करून मरण होतं, मग तो सुपरनेच संपवायला जाणार हे दाइगोने हेरलं होतं, आणि लाथांची लय त्याच्या हातात आधीपासून बसलेली होती. दोन्हींपैकी एक नसतं तर तिथे काहीच घडलं नसतं. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती स्पर्धा दाइगो जिंकला नाही. फायनलला केंजी ओबाता, म्हणजे केओच्या युनकडून तो हरला. ज्या माणसाने जगातला सगळ्यात गाजलेला बचाव केला, त्याला त्याच दिवशी कोणीतरी हरवलं, आणि त्या सामन्याची क्लिप फारशी कोणी फिरवत नाही.

बोटांचा हा मान कुठून आला? बघायला गेलं तर कॉम्बो हा प्रकारच अपघाताने जन्मला. स्ट्रीट फायटर टू बनवताना गाडी फोडायच्या बोनस फेरीत निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं की वेळ अचूक साधली तर एका फटक्याला जोडून दुसरा बसतो. हे इतकं अवघड आहे की कोणाला जमणार नाही, असं समजून त्यांनी ते तसंच राहू दिलं. मग जगभरच्या पार्लरांतल्या पोरांनी ते घोटलं आणि पुढचा सगळा खेळ त्यावर उभा राहिला. स्ट्रीट फायटर फोरपर्यंत हे टोकाला गेलं होतं. त्यात असे जोड होते की दुसरं बटण एका ठरावीक फ्रेमलाच दाबावं लागे, सेकंदाच्या साठाव्या भागात. एक फ्रेम इकडे-तिकडे झाली की तुटला. पाचव्या भागापासून कॅपकॉमने, म्हणजे खेळ बनवणाऱ्या कंपनीने, त्यात थोडी सवलत दिली, बटण जरा आधी दाबलं तरी खेळ ते धरून ठेवतो. जुने खेळाडू नाराज झाले. मला ती सवलत योग्य वाटली. एक फ्रेमचा जोड लागला की मला आनंद व्हायचा हे खरं, पण त्याच्या धाकाने किती चांगले डोकेबाज खेळाडू मधल्या रँकमध्ये कुजले तेही मी पाहिलंय.

उलटं टोकही झालेलं आहे. २०१३ साली डाइव्हकिक नावाचा खेळ आला. फक्त दोन बटणं, एकाने उडी, दुसऱ्याने लाथ, आणि एक फटका लागला की राउंड संपला. चालायलाही बटण नाही. मित्राच्या घरी तो लावला की दहा मिनिटांत माणसं ओरडायला लागतात, कारण त्यात अंतर आहे, धाक आहे, अंदाज आहे. पण काही दिवसांनी माझं मन त्यातून उडालं, आणि का उडालं त्याचं उत्तर त्या कागदावरच्या आकड्यांत आहे. प्रत्येकाचे हात सारखे, प्रत्येक फटक्याची किंमत सारखी. समोरचा कोण आहे, त्याने काय घोटलंय, दडपणाखाली त्याचं काय सुटतं, यातलं काहीच वाचायला उरत नाही. स्ट्रीट फायटरमध्ये मी समोरच्याचे हातसुद्धा वाचतो. याला डाव्या बाजूने शोर्युकेन येतो, उजवीकडून सुटतो, हे कळलं की मी बाजू बदलून उडी मारतो. हात सगळ्यांचे सारखे केले तर डावपेचांतलाही एक थर जातो.

मॉडर्न कंट्रोल्सवरून भाच्याला त्याची मित्रमंडळी डिस्कॉर्डवर बोलतात. "मामा, ते म्हणतात एका बटणावर शोर्युकेन काढतोस, तू खरा खेळाडू नाहीस." त्याला हे लागतं, मला दिसतं. कॅपकॉमने मॉडर्न फुकट दिलेलं नाही. एका बटणावर काढलेल्या स्पेशल (शोर्युकेनसारखे खास फटके) आणि सुपरचं नुकसान २० टक्के कमी, आणि साध्या फटक्यांपैकी काही मिळतच नाहीत. त्या बदल्यात उडी मारून येणाऱ्याला खाली पाडणं जवळजवळ पक्कं. हा सरळ व्यवहार आहे, आणि तो स्वीकारायचा की नाही हाच एक डाव आहे. मॉडर्नवाल्यासमोर मी उड्या मारणं सोडतो. मग मला जमिनीवरून जावं लागतं, तिथे त्याला काही लाथा नाहीत हे मला माहीत असतं, आणि सामना तिथे होतो. त्याने शोर्युकेन एकदाही न काढता माझ्या उड्या बंद केलेल्या असतात. पार्लरमध्ये जो हिरो होता त्याचा धाक याहून वेगळा नव्हता.

वयाबद्दलही लोक फार बोलतात, की हा पोरांचा खेळ, पंचविशीनंतर बोटं मंदावतात. हांगझोउच्या एशियाडमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर फाइव्हचं सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं. तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. त्या स्पर्धेत आपले मयंक प्रजापती आणि अयान बिस्वासही भारताकडून खेळले. वयाने बोटांचा वेग थोडा जात असेलच. पण ज्याने दोन-तीन दशकं माणसं वाचली आहेत त्याला बघून दाबावं लागतं त्या गोष्टी कमी, आधीच ठाऊक असलेल्या जास्त.

बनवणाऱ्यांना हा तोल सांभाळणं किती अवघड आहे ते टेकन एटने दाखवलं. २०२४ च्या जानेवारीत तो आला तेव्हाच त्याचा रोख आक्रमणाकडे होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या सीझनचा बदल आला आणि आक्रमण इतकं वाढलं की मागे सरकून, वाट बघून, चुकलेला फटका पकडणाऱ्यांना जागाच कमी झाली. खेळाडू भडकले, कंपनीला घाईने दुरुस्त्या कराव्या लागल्या. तिथे कोणाचा कॉम्बो काढून घेतलेला नव्हता. सोलवटलेल्या अंगठ्याने कमावलेलं अंतर स्वस्त केलं होतं. एखाद्या हालचालीसाठी लोकांनी वर्षं दिली असतील तर तिच्यातून मिळणाऱ्या निर्णयाला किंमत राहिली पाहिजे, एवढी त्यांची मागणी होती, आणि ती मला पूर्ण पटते.

भाच्याला क्लासिकवर जायचं होतं. मी म्हटलं, आत्ता नको. मॉडर्नमध्येसुद्धा स्टिकची पूर्ण हालचाल करून स्पेशल काढता येतो आणि तसा काढला तर २० टक्क्यांची कपात होत नाही. तर उडीला उत्तर एका बटणावर, कारण तिथे खात्री हवी. कॉम्बोच्या शेवटी मात्र हाताने फिरवून, कारण तिथे वेळ असतो आणि नुकसान पूर्ण मिळतं. सहा हजारवाला रद्द. कोपऱ्यातला अडीच हजारांच्या आसपासचा एकच कॉम्बो, दोन्ही बाजूंनी, बोलत बोलत करता येईल इतका घोटायचा. मी शेजारी बसून त्याला कॉलेजबद्दल विचारत राहतो, तो उत्तर देत देत मारतो. उत्तर देताना तुटला की परत.

दुसरा भाग ट्रेनिंग मोडच्या डमीचा. रेकॉर्डिंगमध्ये तीन गोष्टी भरून ठेवल्यात, ड्राइव्ह इम्पॅक्ट, पुढे उडी, आणि चालत येऊन फेक, आणि तिन्ही कुठल्याही क्रमाने येतात. एकेक वेगळी आली की त्याला सगळ्या जमतात. तीन एकत्र आल्या की अजून फेक सुटत नाही, कारण डोळा उडीवर असतो. शिमी चौथ्या रेकॉर्डिंगमध्ये टाकायची राहिली आहे. रविवारी मला सुट्टी आहे, तेव्हा बसून टाकतो.